मैदान कुणाला, किती वाजता

एखाद्या क्लबात किंवा शाळेत मुलींच्या खेळाची खरी स्थिती पाहायची असेल, तर धोरणाचा कागद बाजूला ठेवावा आणि मैदानाचं वेळापत्रक मागून घ्यावं. संध्याकाळी पाच ते सात हे सगळ्यांनाच हवे असलेले दोन तास. शाळा सुटलेली असते, उजेड शिल्लक असतो, घरी परतायला फार उशीर होत नाही. या दोन तासांत आठवड्यातले किती दिवस मुली मैदानावर असतात, यावरून बाकीचं पुष्कळ कळतं.

मोजायचं झालं तर चार आठवड्यांचं रजिस्टर पुरतं. प्रत्येक सरावापुढे चार गोष्टी लिहायच्या: किती वेळ, किती वाजता, मुख्य मैदानावर की कडेच्या पट्टीवर, आणि सराव रद्द झाला असेल तर कशामुळे. नुसते तास मोजले तर पुष्कळदा दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसतात. बाकीचे रकाने भरले की चित्र बदलतं. मुलींचे तास भर दुपारी किंवा अगदी उशिरा असतात. मुलांचा सामना लांबला की मुलींचा सराव पुढे ढकलला जातो. दिवसभर तुडवल्या गेलेल्या मैदानावर त्या सगळ्यात शेवटी उतरतात. रद्द झालेल्या सरावांची तर कुठे नोंदच नसते, आणि माझ्या मते सगळ्यात बोलका रकाना तोच आहे.

‘सर्वांसाठी खुलं’ म्हणून ठेवलेले तास वेगळे तपासावेत. अशा तासांत जे आधीपासून खेळतात, ज्यांची टोळी ठरलेली असते, ते मधली जागा घेतात. नव्याने आलेल्या मुली कडेला उभ्या राहतात आणि चार-सहा आठवड्यांत यायच्या बंद होतात. मग म्हटलं जातं, मुलींना आवडच नाही. मुलींच्या खेळाचं जितकं नुकसान या एका वाक्याने केलंय तितकं उघड विरोधानेही केलं नसेल. कारण विरोधाशी भांडता तरी येतं. ‘आवड नाही’ म्हटलं की विषयच संपतो.

१९२० साली, ख्रिसमसच्या सुट्टीत, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर डिक, कर लेडीज या कारखान्यातल्या कामगार मुलींच्या संघाचा फुटबॉल सामना झाला. प्रेक्षक होते सुमारे ५३ हजार. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला. त्याची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असं मत त्यात होतं. पण प्रत्यक्ष हुकूम होता तो संलग्न क्लबांना, की आपली मैदानं स्त्रियांच्या सामन्यांना देऊ नका. खेळायला मनाई नव्हती, जागेला होती. तेवढी पुरली. स्त्रिया बागांमध्ये, मोकळ्या जागांवर खेळत राहिल्या. पण तिकीट, प्रेक्षक, वर्तमानपत्रातली बातमी सगळं गेलं. ही बंदी जवळपास ५० वर्षं टिकली. ती उठल्यावर पुन्हा तोच प्रश्न विचारला गेला: बायकांचं फुटबॉल बघायला येतं कोण?

‘झेपत नाही’ या वाक्याचा इतिहासही असाच आहे. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. अंतिम फेरीत नऊ धावपटू होत्या. नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. जर्मनीच्या लिना राडकेने २ मिनिटं १६.८ सेकंदांचा विश्वविक्रम केला. वर्तमानपत्रांत मात्र छापून आलं ते धावपटू कोसळल्याचं वर्णन. जीव तोडून धावल्यावर गवतावर आडवं होणं ही पुरुषांच्या बाबतीत जिद्दीची खूण मानली जायची, इथे तो पुरावा ठरला. ही शर्यत काढून टाकली गेली आणि ऑलिंपिकमध्ये परतली ती थेट १९६० साली. पुढचा क्रम पाहा: १५०० मीटर १९७२ मध्ये, मॅरेथॉन १९८४ मध्ये, ३००० मीटर स्टीपलचेस २००८ मध्ये. पोहण्यात पुरुषांची १५०० मीटर फ्रीस्टाइल १९०८ पासून आहे. स्त्रियांना तेच अंतर ऑलिंपिकमध्ये पोहायला मिळालं टोकियोत, २०२१ साली. दर वेळी आधी अंतर नाकारलं गेलं, आणि मग ते अंतर कापणाऱ्या स्त्रिया दिसत नाहीत म्हणून नाकारणं योग्य ठरवलं गेलं.

आवड आणि संधी यांत आधी काय येतं, याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर अमेरिकेत मिळालं. १९७२ साली तिथे ‘टायटल नाइन’ हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, इतकंच तो सांगतो. मूळ कलमात खेळाचा शब्दसुद्धा नाही. त्या वर्षी तिथल्या हायस्कुलांच्या संघांमध्ये तीन लाखांहून कमी मुली होत्या. १९७८ पर्यंत हा आकडा २० लाखांवर गेला. आज तो ३० लाखांच्या वर आहे. सहा वर्षांत मुलींचा स्वभाव बदलत नाही. वेळापत्रक बदलतं, संघ निघतात, बस मिळते, गणवेश मिळतो.

तरीही नुसतं दार उघडून भागत नाही. बारा ते पंधरा या वयात मुली मोठ्या संख्येने खेळ सोडतात, आणि याचं एक कारण अगदी साधं आहे: त्या वयात नव्याने सुरू करणाऱ्या मुलीसाठी गटच नसतो. चौदा वर्षांच्या मुलीला एक तर आठ वर्षांच्या मुलांबरोबर उभं केलं जातं, नाही तर सहा वर्षं खेळलेल्या मुलींमध्ये ढकललं जातं. दोन्हीकडे तिला लाज वाटते. मोठ्या वयाच्या नवशिक्या मुलींची वेगळी बॅच, आठवड्याला दोन तास, पहिल्या तीन महिन्यांत निवड नाही आणि गुणतक्ता नाही, एवढी सोय केली तरी गळती थांबायला मदत होते.

गळतीचं दुसरं कारण बोलायला अवघड जातं म्हणून वर्षानुवर्षं बोललंच गेलं नाही. स्तनांमध्ये स्नायू नसतात. त्यांना आधार असतो तो त्वचेचा आणि आतल्या नाजूक तंतूंचा. धावताना ते वरखाली, आजूबाजूला आणि पुढेमागे असे तिन्ही दिशांनी हलतात. त्यामुळे दुखतं, संकोच वाटतो, आणि मुलगी नकळत खांदे पुढे ओढून, हात अंगाशी धरून धावायला लागते. प्रशिक्षकाला दिसते ती बिघडलेली शैली. पहिली स्पोर्ट्स ब्रा १९७७ साली अमेरिकेत तयार झाली, लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांच्या प्रयत्नांतून. तिचा पहिला नमुना पुरुष खेळाडूंचे दोन जॉकस्ट्रॅप जोडून शिवलेला होता. म्हणजे धावणाऱ्या स्त्रीसाठीचं हे मूलभूत साधन बाजारात यायला माणूस चंद्रावर जाऊन यावा लागला.

स्पोर्ट्स ब्रा निवडताना बहुतेकींची चूक एकच होते: खांद्याचे पट्टे आवळून आधार मिळवायचा प्रयत्न. खरा भार घ्यायला हवा तो छातीखालच्या पट्ट्याने. हा पट्टा पाठीवर वर सरकता कामा नये, पुढून-मागून सरळ रेषेत बसावा, आणि त्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. मग हात वर करून बघायचं, जागच्या जागी वीस-तीस उड्या मारायच्या आणि खोल श्वास घ्यायचा. पट्टा वर चढला तर तो सैल आहे. श्वास अडला किंवा कडेने मांस बाहेर आलं तर माप लहान आहे. छोट्या मापांना दाबून धरणारी साधी रचना चालते. मोठ्या मापांना प्रत्येक बाजूला वेगळा कप असलेली लागते. लवचीकपणा गेला की ती बदलायची, मग वरून कितीही चांगली दिसो. संघाच्या किटमध्ये मोजे आणि पॅड असतात तशी हीसुद्धा असावी, आणि माप घ्यायचं काम जाणत्या स्त्रीकडे असावं.

गुडघ्याविषयी मात्र जरा थांबून लिहायला हवं, कारण इथे अर्ध्या तासाच्या आतल्या कामाने कारकिर्दी वाचतात. फुटबॉल, बास्केटबॉल, हँडबॉल अशा उड्या मारून एकदम दिशा बदलायच्या खेळांत, गुडघ्याच्या आतला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून जास्त आढळतं. बहुतेक वेळा कुणी धडकलेलं नसतं. मुलगी उडी मारून उतरते किंवा वळण घेते, गुडघा आत कलतो आणि आवाज येतो. शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतायला निदान नऊ महिने लागतात. त्याआधी घाई केली तर पुन्हा तुटण्याचा धोका चढा राहतो. पूर्वी सगळा दोष रुंद कंबर आणि हार्मोन यांच्यावर टाकून विषय मिटवला जायचा. शरीररचनेचा वाटा आहेच. पण ताकदीचा सराव मुलांना लहानपणापासून मिळतो आणि मुलींना पुष्कळदा सोळाव्या वर्षापर्यंत कुणी स्क्वॅटही नीट शिकवलेला नसतो, याचाही वाटा आहे. आणि हा दुसरा वाटा आपल्या हातात आहे.

तपासणी सोपी आहे. सुमारे ३० सेंटिमीटर उंचीच्या ठोकळ्यावर मुलीला उभं करा. तिने खाली उतरून लगेच सरळ वर उडी मारायची. समोरून मोबाइलवर चित्रण करा आणि हळू गतीने पाहा. जमिनीला पाय टेकताना गुडघे एकमेकांकडे येतात का? एक पाय आधी टेकतो का? गुडघे ताठ राहून धप्प आवाज होतो का? सुधारणेसाठी लांबलचक सूचना देऊ नयेत, मुली गोंधळतात. दोनच पुरतात: ‘आवाज न करता उतर’ आणि ‘गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटावर ठेव’. फिफाने तयार करवून घेतलेला ‘इलेव्हन प्लस’ हा वॉर्म-अप यासाठी फुकट उपलब्ध आहे. त्यात १५ व्यायाम आहेत: सुरुवातीला ८ मिनिटं धावणं, मग १० मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटी २ मिनिटं वेगाने धावणं. आठवड्यातून निदान दोनदा. नॉर्वेतल्या १३ ते १७ वयाच्या फुटबॉलपटू मुलींवर झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत हा कार्यक्रम करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी दिसल्या.

बिघडतं कुठे, तर मधल्या १० मिनिटांत. उशीर झाला की प्रशिक्षक तेवढाच भाग गाळतो, कारण तो कंटाळवाणा वाटतो. आणि गुडघा वाचवणारा भाग तोच असतो. सराव रात्री उशिरा आणि मैदान तासाभरासाठीच मिळालेलं असेल तर वॉर्म-अपला कात्री लागणार हे ठरलेलंच. वेळापत्रकाचा आणि अस्थिबंधाचा संबंध इतका थेट आहे.

मासिक पाळीबद्दल एक घातक समजूत अजून मैदानांवर फिरते: सराव जोरात चालला की पाळी थांबते, हे चांगलं लक्षण आहे. अजिबात नाही. गरोदरपण किंवा दुसरं कारण नसताना सलग तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही सुरू झाली नाही, तर डॉक्टरांकडे जायचं. पुष्कळदा कारण असतं ते खाणं कमी पडल्याचं. हिशेब असा: शरीराच्या वजनातून चरबीचं वजन वजा करायचं. ५५ किलो वजनाच्या आणि २० टक्के चरबी असलेल्या मुलीचे उरतात ४४ किलो. प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे ४५ कॅलरी शरीराच्या रोजच्या कामांसाठी उरायला हव्यात, म्हणजे १९८०. सरावात ६०० खर्च झाल्या तर तिने खायला हव्यात २५८० च्या आसपास. किलोमागे ३० च्या खाली बराच काळ राहिलं तर हाडं, पाळी, प्रतिकारशक्ती, सगळ्यांवर परिणाम होऊ लागतो, अर्थात ही रेषा प्रत्येकीला तंतोतंत लागू पडत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला नाव देऊन मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. पायाच्या हाडाला पुन्हा पुन्हा बारीक तडा जात असेल तर बूट बदलण्याआधी जेवण विचारावं. आणि मुलींचं वजन सगळ्यांसमोर घेणं, त्यावर शेरे मारणं, हे आजच्या आज थांबवावं.

कपड्यांचा प्रश्न छोटा वाटतो, पण तो कोण ठरवतं हे कळतं. पांढरी शॉर्ट्स घालून पाळीच्या दिवसांत खेळणं किती ताणाचं असतं हे खेळाडू कित्येक वर्षं सांगत होत्या. विम्बल्डनने गडद रंगाच्या आतल्या शॉर्ट्सना परवानगी दिली ती २०२३ मध्ये. २०२१ मध्ये नॉर्वेच्या बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून १५०० युरो दंड झाला. ओरड झाली, आणि त्याच वर्षी नियम बदलला. स्थानिक पातळीवर यातलं काहीच अवघड नाही. गडद रंगाची खालची बाजू, दोन-तीन प्रकारच्या मापांचा पर्याय, स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी, आत कचऱ्याचा झाकणाचा डबा आणि न मागता मिळणारे पॅड. दूरच्या सामन्याला जाताना स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी विचारून ठेवणं ही व्यवस्थापकाची जबाबदारी आहे. मुलींनी दिवसभर पाणी न पिता खेळणं हा त्यावरचा उपाय असू शकत नाही, आणि आज तो सर्रास वापरला जातो.

बक्षिसाची रक्कम हा मथळ्यांचा विषय. यूएस ओपनने १९७३ मध्ये स्त्री-पुरुषांना सारखं बक्षीस दिलं, विम्बल्डनला त्यासाठी २००७ उजाडलं. हे महत्त्वाचं आहेच, पण ते पोचतं अगदी वरच्या मोजक्या जणींपर्यंत. त्याखालच्या शेकडो जणींचं भवितव्य ठरतं ते करार बारा महिन्यांचा आहे की हंगामापुरता, फिजिओ पूर्ण वेळ आहे की सामन्याच्या दिवशीच, यावर.

आणि मूल झाल्यावर काय, यावर. फिफाने १ जानेवारी २०२१ पासून व्यावसायिक फुटबॉलपटूंना किमान १४ आठवड्यांची रजा, त्यातले किमान ८ आठवडे बाळंतपणानंतर, आणि किमान दोन-तृतीयांश पगार बंधनकारक केला. आइसलंडची सारा ब्यर्क गुन्नार्सडॉटिर हिने गरोदरपणातला पगार थकवल्याबद्दल लियॉं क्लबविरुद्ध दाद मागितली आणि ती जिंकली. परत येण्याचा शारीरिक रस्ताही ठाऊक असायला हवा. साधारण १२ आठवड्यांच्या आधी धावायला सुरुवात नको. आधी पाहायचं: ३० मिनिटं चालणं, प्रत्येक पायावर १० सेकंद तोल, एका पायावर १० स्क्वॅट, जागच्या जागी एक मिनिट जॉगिंग, प्रत्येक पायावर १० उड्या. हे करताना दुखलं, लघवी निसटली किंवा खाली ओढल्यासारखं जड वाटलं तर धावणं पुढे ढकलायचं आणि ओटीपोटाच्या स्नायूंचं काम जाणणाऱ्या फिजिओकडे जायचं. ‘बाळंतपणानंतर खेळाडू परत येत नाहीत’ असं म्हणणाऱ्या किती संघांकडे अशी यादी असते?

शेवटी प्रशिक्षकांचा प्रश्न, आणि इथे टायटल नाइनच्या यशातली एक कडू बाजू सांगायलाच हवी. १९७२ मध्ये अमेरिकी महाविद्यालयांतल्या मुलींच्या संघांच्या ९० टक्क्यांहून जास्त प्रशिक्षक स्त्रिया होत्या. कायद्याने पैसा आणला, पदांना पगार आणि प्रतिष्ठा आली, आणि त्या पदांवर पुरुष येऊ लागले. स्त्रियांचं प्रमाण निम्म्याच्या खाली गेलं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली खेळाडूंच्या जागा पहिल्यांदा स्त्री-पुरुषांत समान वाटल्या गेल्या; त्याआधीच्या टोकियोत प्रशिक्षकांमध्ये स्त्रिया होत्या सुमारे १३ टक्के. खेळणाऱ्यांची संख्या वाढली की शिकवणाऱ्यांची आपोआप वाढते, हे खरं नाही.

‘बायका मिळत नाहीत’ हे उत्तर ऐकायला मिळालं की पुन्हा व्यवस्थाच तपासावी. पद जाहिरात देऊन भरलं की ओळखीतून? प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम सलग दहा दिवस दूरच्या गावी निवासी आहे का, की शनिवार-रविवार तुकड्यांत करता येतो? पहिलं काम म्हणून तिला काय दिलं जातं? पुष्कळदा तिला ‘मुलींसोबत कुणी बाई हवी’ म्हणून घेतलं जातं, मग पाण्याच्या बाटल्या, हजेरी आणि पालकांचे फोन तिच्याकडे, आणि संघनिवड व डावपेच दुसऱ्याकडे. पाच वर्षांनी तिच्याकडे अनुभव नाही म्हणून मुख्य पद नाकारलं जातं. पहिल्या हंगामापासून तिला संघनिवडीत मत हवं, किमान एका वयोगटाची पूर्ण जबाबदारी हवी, कामाच्या तासांचं मानधन हवं, आणि मुलग्यांच्या संघावरही नेमणूक हवी. निवड समितीची बैठक रात्री नऊला ठेवली जात असेल तर ती सातला आणावी, आणि तिथे तिची खुर्ची एकटीची नसावी. दोघी-तिघी असल्या की एकीचं मत ‘बायकांचं मत’ म्हणून बाजूला सारता येत नाही.